मंगळवार-गुरुवारची मैत्रीण

मानसी तावडे आठवीत गेली त्या वर्षी शाळेने तिला एक मैत्रीण मंजूर केली.

मंजूर केली, हाच शब्द बरोबर. मरोळच्या त्या शाळेत नवे पंखे, सहलीची बस, शौचालयाची दुरुस्ती, सगळं आधी मंजूर व्हायचं आणि मग यथावकाश यायचं. मैत्रीण मात्र महिन्याभरात आली. कारण मुख्याध्यापिका वनमाला मॅडम मे महिन्यात एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना कळलं की ऑटिझम असलेल्या मुलांना नुसता प्रवेश देऊन आता भागत नाही, त्यांना 'सामावून' घ्यावं लागतं. आणि जी शाळा चांगलं सामावून घेते तिला एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते. मॅडमच्या केबिनमध्ये स्वच्छतेची ढाल होती, वृक्षारोपणाची ढाल होती. ती झाडं नंतर पार्किंगसाठी काढली, पण ढाल राहिली. सामावून घेण्याची तेवढी नव्हती.

शाळेच्या दफ्तरी स्वमग्न म्हणून नोंद असलेलं मूल एकच होतं, मानसी. त्यामुळे सामावून घ्यायचं ते तिलाच.

मानसी सहा वर्षांची असताना मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं निदान केलं होतं. तिची आई सुलक्षणा बँकेत नोकरीला. तिने पहिल्याच दिवशी शाळेत सगळं सांगून टाकलं: हिला मोठा आवाज सहन होत नाही, अचानक अंगाला हात लावलेला चालत नाही, आणि जे विचाराल त्याचं ती खरं उत्तर देईल, तेवढं सांभाळून घ्या. पहिल्या दोन गोष्टी शिक्षकांनी सांभाळून घेतल्या. तिसरी जरा जड गेली.

पाचवीपर्यंत तिचं बरं चाललं होतं. पाचवीपर्यंत मुली खेळतात, आणि खेळाला नियम असतात. सहावीत मुलींनी खेळणं सोडून नुसतं बोलायला सुरुवात केली. बोलण्यालाही नियम होते, पण ते कोणी सांगत नव्हतं. एका वर्गमैत्रिणीने वाढदिवसाचं आमंत्रण देताना म्हटलं, "नक्की ये हं, कधीही ये." मानसी रविवारी सकाळी साडेसातला भेटवस्तू घेऊन तिच्या दारात उभी. दार उघडलं ते बनियनमधल्या वडिलांनी. ही गोष्ट पुढे दोन वर्षं वर्गात सांगितली जात होती, आणि प्रत्येक वेळी सगळे हसून झाले की मानसी विचारायची, "पण मग 'कधीही' म्हणजे कधी?"

मग सगळे पुन्हा हसायचे.

तर अशी ती 'मैत्रीसाथी योजना'. अर्ज मागवले गेले. अटी तीन: पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गुण, चांगली वर्तणूक, पालकांची संमती. निवड झालेल्या विद्यार्थिनीला आकाशी रंगाचा बिल्ला आणि वर्षअखेरीस प्रमाणपत्र. प्रमाणपत्र म्हटल्यावर आठवी 'अ'मधल्या अर्ध्याअधिक मुलींना मानसीबद्दल एकाएकी आपुलकी वाटू लागली. शेवटी निवड झाली ती श्वेताची. वक्तृत्वात शाळेचं नाव काढणारी मुलगी. मुलाखतीत ती मैत्रीवर असं काही बोलली की वनमाला मॅडमनी डोळे टिपले. मागच्या वर्षी 'पाणी वाचवा'वर केलेल्या भाषणात तिने पाण्याच्या जागी मैत्री घातली होती, आणि ते अगदी व्यवस्थित बसलं होतं.

दर मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत श्वेताने मानसीबरोबर डबा खायचा, गप्पा मारायच्या, आणि त्याचा एक फोटो मॅडमना पाठवायचा, असं ठरलं.

मानसी या व्यवस्थेवर भलतीच खूश झाली. इतकी वर्षं मैत्री म्हणजे काय ते तिला कोणी धड सांगितलं नव्हतं. आता वार ठरला होता, वेळ ठरली होती, जागा ठरली होती. मंगळवारी ती डबा उघडून, दोन चमचे काढून तयार बसायची. श्वेता यायची आणि आजोबांच्या बहिऱ्या कानात बोलावं तशी सावकाश, मोठ्याने विचारायची, "मानसी, आज तुला कसं वाटतंय?"

"भूक लागलीय," मानसी सांगायची.

मग श्वेता एका मैत्रिणीकडून फोटो काढून घ्यायची. दोघी हसताहेत असा. फोटो नीट आला की उरलेल्या सुट्टीत ती आपल्या ग्रुपकडे पळायची. मैत्री संपली असं समजून मानसी डबा मिटायची.

"श्वेता चांगली मैत्रीण आहे," तिने घरी सांगितलं. "वेळेवर येते."

सुलक्षणा पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्गात जागा बदलल्या. किम्बर्ली नावाची मुलगी शेवटच्या बाकावर बसून अखंड बडबड करायची. तिच्या डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या सगळ्या मुली बदलून झाल्या, पण कोणीही बाजूला आलं की महिन्याभरात तीही बडबडी व्हायची. शेवटी वर्गशिक्षिकेने किम्बर्लीला पहिल्या बाकावर मानसीशेजारी आणून बसवलं. मानसी वर्गात कोणाशीच बोलत नाही, म्हणजे ही बोलणार कोणाशी, असा हिशेब.

पहिल्याच तासाला किम्बर्लीने कुजबुजून विचारलं, "तू सारखी वर काय बघतेस गं?"

"पाल आहे."

"ईऽऽ! कुठे?"

"ट्यूबलाइटच्या मागे. ती गेल्या आठवड्यात शेपूट तोडून आलीय. आता नवीन येतेय, बघ, जरा आखूड आहे."

मानसीला पाली फार आवडायच्या. आरेच्या बाजूला राहणाऱ्या मामाकडे गेली की ती संध्याकाळभर ओट्यावर दिव्याखाली बसून पाली बघायची. आतापर्यंत या विषयावर तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. आईने प्रयत्न केला होता, पण तिला शहारे यायचे.

किम्बर्लीलाही आले. ती पालींना मरणाची घाबरायची. पण तिला गप्प बसवत नव्हतं, म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि मग त्याच्या पुढचा. पाल छताला चिकटते कशी? अंगावर पडते ती मुद्दाम? डोळे का मिटत नाही?

"तिला पापण्याच नसतात," मानसी म्हणाली. "ती जिभेने डोळे पुसते."

"बाप रे! म्हणजे झोपताना पण बघतच असते?"

"हो. पण तुझ्याकडे बघत नसते. तिला तुझ्यात काही इंटरेस्ट नाही."

हे ऐकून किम्बर्लीला इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने हसली आणि बाईंनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. मानसीची वर्गाबाहेर उभं राहण्याची पहिलीच वेळ. बाहेर वारा छान होता.

"आमच्या घरी ये ना," किम्बर्ली म्हणाली. "जुनं घर आहे गावठाणात. पालीच पाली. कधीही ये."

"कधीही म्हणजे कधी?"

किम्बर्लीने क्षणभर विचार केला. "शनिवारी चारला. तोपर्यंत जेवणं झालेली असतात आणि पप्पा झोपून उठलेले असतात."

मानसी तिच्याकडे बघतच राहिली. हे असं सांगता येत होतं तर!

किम्बर्लीचे पप्पा अल्फान्सो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि लेकीलाही शिकवत होते. ट्रम्पेट वाजलं की मानसी कान झाकून अंगणात पळायची. दुसऱ्या शनिवारी किम्बर्लीनेच शोधून काढलं की वाजवण्याआधी एक बोट वर केलं तर मानसीला चालतं. तिला आवाजापेक्षा अचानकपणाचा त्रास होता. त्यानंतर घरातले सगळेच बोट वर करायला लागले. मिक्सर लावायच्या आधी किम्बर्लीची आई, शिंकायच्या आधी अल्फान्सो. यासाठी त्यांच्यापैकी कोणीही कार्यशाळेला गेलं नव्हतं.

मग ऑक्टोबरात आगेरा आला, नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या होत्या आणि मिरवणुकीत किम्बर्ली पहिल्यांदाच सगळ्यांसमोर ट्रम्पेट वाजवणार होती. मानसी गल्लीच्या टोकाला, विहिरीच्या कठड्याशी, आईबरोबर उभी राहून ऐकत होती. वाजवून झालं, सगळ्यांनी "झकास! झकास!" केलं, आणि किम्बर्ली लाल झालेल्या चेहऱ्याने धावत आली.

"कसं झालं?"

"दोनदा चुकलीस," मानसी म्हणाली. "आणि शेवटी दम संपला तुझा."

किम्बर्लीचा चेहरा पडला. "सगळे मस्त बोलले. तुलाच काय झालं?"

"तू वाजवत होतीस तेव्हा सगळे बोलत होते. मी ऐकत होते."

किम्बर्ली पाठ फिरवून निघून गेली. सोमवारी ती बाकावर बसली, पण मधे दप्तर ठेवून. मंगळवारीही तसंच. किम्बर्ली गप्प बसली म्हणून वर्गशिक्षिकेने तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

मानसीला काहीच कळेना. मंगळवार होता, म्हणून तिने आपल्या अधिकृत मैत्रिणीला विचारलं.

"सिंपल आहे," श्वेता म्हणाली. "सॉरी बोल, आणि सांग की ए-वन वाजवलंस. मी सगळ्यांना तेच सांगते."

"खोटं असलं तरी?"

"खऱ्याखोट्याचा काय संबंध यार? मैत्रीत चांगलं बोलायचं असतं." आणि तिने फोटोसाठी मान तिरकी केली.

मानसीने रात्रभर यावर विचार केला. बुधवारी सकाळी तिने दप्तर उचलून खाली ठेवलं आणि म्हणाली, "तू चिडलीयस का? मला चेहऱ्यावरून कळत नाही. सांगितलंस तर कळेल."

"हो. चिडलेय."

"किती दिवस?"

किम्बर्लीला हसू यायला लागलं होतं, पण चिडलेलं असताना हसणं बरं दिसत नाही. "शुक्रवारपर्यंत," ती म्हणाली.

"बरं," मानसी म्हणाली आणि गुरुवारी तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. शुक्रवारी पहिल्या तासाला किम्बर्लीने विचारलं, "कुठे चुकले ते नक्की सांगशील?" मानसीने गुणगुणून दाखवलं. अल्फान्सोंनी नंतर सांगितलं की पोरीचा कान बरोबर आहे, त्यांनाही तेच म्हणायचं होतं, पण घरात शांतता हवी होती.

हे सगळं असंच चाललं असतं, पण डिसेंबरात पुरस्काराची समिती येणार असं पत्र आलं. वनमाला मॅडमनी श्वेता आणि मानसीचे फोटो मांडून पाहिले. फोटो उत्तम होते. अडचण प्रत्यक्षात होती. आठवड्याचे सगळे दिवस, मंगळवार-गुरुवारची फोटोची दहा मिनिटं सोडली तर, मानसी दुसऱ्याच कुठल्या मुलीबरोबर खिदळताना दिसायची. ती मुलगी बावन्न टक्केवाली.

मॅडमनी सुलक्षणाला बोलावून घेतलं.

"किम्बर्ली योजनेत बसत नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा मैत्रीण मिळालीय."

"मिळालीय ना, श्वेता! आम्हीच दिलीय." मॅडम खरोखरच दुखावल्या होत्या. "बघा, श्वेताची आम्ही मुलाखत घेतली, तिला ओरिएंटेशन दिलं. उद्या या दुसऱ्या मुलीमुळे काही झालं तर जबाबदार कोण? अशी कोणीही उठून मैत्री करायला लागली तर योजनेला अर्थ काय राहिला?"

सुलक्षणाच्या जिभेवर बरंच काही होतं. पण तिने मानसीच्या प्रवेशासाठी आठ शाळांचे उंबरे झिजवले होते, ही नववी. ती "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणून उठली आणि रिक्षात बसल्यावर स्वतःवरच इतकी चिडली की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

किम्बर्लीला परत शेवटच्या बाकावर पाठवलं. समिती येऊन जाईपर्यंत मधल्या सुट्टीत मानसीच्या जवळ फिरकायचं नाही, अशी ताकीद मिळाली. मानसीने छताकडे बघणं सोडलं. मंगळवार-गुरुवार सोडून बाकीच्या दिवसांचा डबा घरी भरलेला परत यायला लागला.

समिती आली ती तीन जणांची. प्रमुख कमलताई म्हणून एक बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, सुती साडीतल्या. आवाज सहन न होणाऱ्या मुलीला शाळा किती छान सामावून घेते हे बघायला आलेल्या या पाहुण्यांचं स्वागत शाळेने बंद सभागृहात ढोल-ताशाने केलं. मानसीने आदल्या दिवशी मॅडमना सांगितलं होतं की ढोल नको. मॅडम म्हणाल्या होत्या, "अगं, दोनच मिनिटं. पाहुण्यांसाठी एवढं करायचं नाही का?"

मानसी स्टेजवर पहिल्या खुर्चीत होती. पहिला ठोका पडला आणि ती उठून पांढऱ्या चादरीच्या टेबलाखाली गेली. दोन्ही कान दाबून, गुडघ्यांत डोकं घालून. तालमीत अशा प्रसंगी काय करायचं ते ठरलेलं होतं. श्वेता माइक घेऊन पुढे झाली, "घाबरू नकोस मानसी, मी आहे ना!" असं म्हणाली, टेबलाखाली वाकली आणि तिला घट्ट मिठी मारली. मानसी किंचाळली आणि तिने दोन्ही हातांनी श्वेताला ढकललं. श्वेता मागे शेवंतीच्या कुंड्यांवर जाऊन पडली. माइकने एक लांबलचक किंकाळी फोडली. ढोलवाल्या मुलांना वाटलं, कार्यक्रम रंगलाय. त्यांनी जोर वाढवला.

किम्बर्ली शाळेच्या बँडमध्ये होती, स्टेजच्या बाजूला ट्रम्पेट घेऊन उभी. तिने ट्रम्पेट खाली ठेवलं, सरळ ढोलापाशी गेली आणि ढोल वाजवणाऱ्या हर्षदच्या हातातलं टिपरू हिसकावून घेतलं.

"बंद कर! ऐकू नाही येत का तुला?"

"मॅडमनी सांगितलंय—"

"मॅडमना मी बघते. बंद कर!"

सभागृह एकदम शांत झालं. किम्बर्ली स्टेजवर चढली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर पोटावर आडवी झाली. मानसीपासून चांगलं हातभर लांब. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, आणि तिच्यासाठी ते सोपं नव्हतं. मग तिने हळूच बोट वर केलं आणि विचारलं, "पालीची शेपूट तुटते तेव्हा तिला दुखतं का गं?"

वनमाला मॅडम कमलताईंना चहाला नेण्याचा प्रयत्न करत होत्या, पण कमलताई हलेनात. टेबलाखालून हलका आवाज आला.

"थोडं दुखत असेल. पण ती पळून गेलेली असते ना."

कमलताईंनी मोबाइल काढून एक फोटो घेतला. चादरीखालून दिसणारे दोन जोड शाळेचे बूट, एकमेकांपासून लांब.

शाळेला पुरस्कार मिळाला. समितीच्या अहवालात लिहिलं होतं की या शाळेत मुलींमध्ये अतिशय नैसर्गिक मैत्री आढळली. कमलताईंचा तो फोटो शाळेच्या नव्या दिनदर्शिकेवर छापला गेला, आणि खाली ओळ होती: 'आमची मैत्रीसाथी कु. श्वेता (छायाचित्रात नाही)'.

अहवालात किम्बर्लीचं नावच घातलेलं असल्यामुळे मॅडमना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी किम्बर्लीला केबिनमध्ये बोलावलं आणि खास बाब म्हणून टक्क्यांची अट शिथिल करत तिच्यापुढे आकाशी बिल्ला ठेवला.

"हा घेतला की मंगळवार-गुरुवार बसायचं ना मानसीबरोबर?" किम्बर्लीने विचारलं.

"हो. आणि फोटो पाठवायचा."

"मग नको मॅडम. आमचं शनिवारचं पण असतं."

मॅडमनी बिल्ला ड्रॉवरमध्ये ठेवला. बाहेर मानसी उभी होती. किम्बर्लीने तिला सगळं सांगितलं. मानसी म्हणाली, "बिल्ल्याचा रंग छान होता पण." किम्बर्ली म्हणाली, "तू ना, कधीतरी मार खाशील माझा." मानसीने विचारलं, कधी. मग दोघी हसत सुटल्या. मानसी किम्बर्लीपेक्षा जरा उशिरा.

श्वेताचे मात्र हाल झाले. कुंड्यांवर पडतानाचा तिचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता आणि तिच्याच ग्रुपमध्ये तो महिनाभर फिरत होता. प्रत्येकीने तिला "सॉरी यार, तू ए-वन दिसत होतीस" असं सांगितलं आणि पुढे पाठवला. मग एक दिवस तिच्याशिवाय नवा ग्रुप निघाला. वक्तृत्वाच्या स्पर्धेला या वर्षी तिने नाव दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन या दोघींच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. बिल्ला नव्हता.

"त्या दिवशी मी तुला तसं धरायला नको होतं," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, सावकाश नाही, मोठ्यानेही नाही. "मॅडमनी सांगितलं होतं, पण तरी."

"खूप घट्ट धरलंस," मानसी म्हणाली. "मी ढकलायला नको होतं. लागलं का?"

"हो. कोपराला. अजून खूण आहे."

मानसीने कोपर नीट निरखून पाहिलं. खूण होती. आतापर्यंत हे श्वेताला कोणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मानसीला ते दिसलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून तिने किम्बर्लीकडे पाहिलं.

"इथे बसू?" श्वेताने विचारलं.

"बस," मानसी म्हणाली. "पण माझ्याकडे आता तुझ्याशी बोलण्यासारखं काही नाहीये."

"माझ्याकडे पण नाही," श्वेता म्हणाली.

किम्बर्ली सरकली. तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ती लगेच सुरू झाली. श्वेताने डबा उघडला. कोबीची भाजी होती. तिघी जेवायला लागल्या.